पदवी आणि पहिला पगार यांच्यामधला मुक्काम

दरवर्षी जून-जुलैत निकाल लागले की शाळेच्या कचेरीत माजी विद्यार्थ्यांची ये-जा सुरू होते. कोणी पेढे घेऊन येतो, कोणी दाखल्याची दुय्यम प्रत मागायला येतो, कोणी नुसताच भेटायला येतो. इकडचे तिकडचे बोलणे झाले की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "सर, पदवी तर झाली. आता काय करू?" गेली तीस वर्षे आम्ही हा प्रश्न ऐकत आलो आहोत. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा, इतिहासाचा शिक्षक या नात्याने आम्ही शाळेच्या वाटचालीवर लिहावे अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही मात्र या प्रश्नावर लिहायचे ठरवले. कारण या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर आपल्या शाळेच्या वाटचालीतच आहे, असे आमचे मत आहे.

आमच्या आजोबांना नोकरी शोधावी लागली नाही. काम त्यांना शोधत येत असे. येसकराची पाळी आली की गावात साहेब आला, कोणाचे ढोर मेले, कोणाच्या मरणाची वर्दी परगावी न्यायची असली, की हाक येई. त्या हाकेला नाही म्हणण्याची सोय नव्हती. मोबदला म्हणजे दारोदार मागितलेली भाकर आणि सुगीतले बलुते. वडिलांच्या वेळी एवढाच फरक पडला की ते सालगडी झाले. पाडव्याला साल ठरे आणि पुढचा पाडवा येईपर्यंत माणूस बांधलेला राही. आईने रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती वाहिली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, त्यामागचा विचार आम्हांला आजोबांच्या आयुष्यावरून समजला. जन्माबरोबर गळ्यात पडलेले काम माणसाला नाकारता आले पाहिजे, आणि त्याच्या श्रमाचा मोबदला कोणाच्या मर्जीवर राहता कामा नये. म्हणून "नोकरी शोधतोय" हे वाक्य आमचे विद्यार्थी खाली मान घालून उच्चारतात तेव्हा आम्हांला त्यांना थांबवावेसे वाटते. आमच्या घराण्यात काम शोधण्याचा, निवडण्याचा आणि नाकारण्याचा हक्क सर्वप्रथम आमच्या वाट्याला आला. तो हक्क वापरण्यात लाजण्यासारखे काही नाही.

हक्क मिळाला तरी तो वापरण्यासाठी काही साध्या गोष्टी हाताशी असाव्या लागतात. त्या कोणत्या, हे आम्हांला १९९० च्या उन्हाळ्यात कळले. त्या वर्षी आम्ही औरंगाबादच्या नागसेनवनातील मिलिंद कला महाविद्यालयातून इतिहास विषय घेऊन बी.ए. झालो. परीक्षा संपताच वसतिगृहाची खोली रिकामी करावी लागली. तो नियमच होता आणि योग्यही होता, कारण जूनमध्ये नवी मुले येणार होती. लोखंडी पेटी आणि वळकटी घेऊन आम्ही गावी परतलो. पदवीधराची पहिली अडचण पत्त्याची असते, हे तिथे आल्यावर ध्यानात आले.

आमच्या गावी आठवड्यातून दोनदा टपाल येई. पोस्टमन आमच्या वाड्यापर्यंत येत नसे. वाड्याची पत्रे वेशीजवळच्या किराणा दुकानात ठेवली जात आणि दुकानदाराला आठवण झाली की ती आम्हांला मिळत. एका मुलाखतीचे पत्र आमच्या हाती पडले तेव्हा मुलाखतीची तारीख उलटून नऊ दिवस झाले होते. आई रोज कामावरून येताना दुकानाशी थांबून विचारी, "पोराचा कागद आलाय का?" ती निरक्षर होती. कागद येण्यावर किती अवलंबून आहे हे तिला आमच्याइतकेच कळत होते.

ते उशिरा आलेले पत्र घेऊन आम्ही याच शाळेत आलो. तेव्हाच्या मुख्याध्यापक गुरुजींनी पत्र वाचले, तारीख पाहिली आणि म्हणाले, "यापुढे अर्जावर शाळेचा पत्ता लिही." त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक अर्जावर नावाखाली 'द्वारा मुख्याध्यापक' अशी ओळ आली. पुढे कळले की असा पत्ता लिहिणारे आम्ही एकटे नव्हतो. कचेरीतल्या लाकडी कपाटाचा एक कप्पा अशा टपालासाठीच राखून ठेवलेला होता. महत्त्वाचे पत्र आले की गुरुजी वरच्या वर्गातल्या एखाद्या मुलाला सायकल देऊन गावी पाठवत. शाळेने आम्हांला सहा वर्षे जेवू घातले, शिकवले. शाळा सुटल्यानंतर तिने आम्हांला पत्ता दिला. त्या वयात याची किंमत आम्हांला जेवणाहून कमी वाटली नाही.

त्या काळचा अर्ज म्हणजे कागदांचा भारा असे. टंकलिखित अर्ज, पोस्टल ऑर्डर, तिकीट लावून स्वतःचा पत्ता लिहिलेला लिफाफा, जातीचा दाखला, गुणपत्रिका आणि प्रत्येक कागदाची सत्यप्रत. सत्यप्रतीवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का लागे. ज्या समाजात शिपायाची नोकरी हीच मोठी गोष्ट होती, त्या समाजातल्या मुलाने राजपत्रित अधिकारी आणायचा कुठून? तालुक्याच्या गावी आपल्याच समाजातले एक पशुवैद्यकीय अधिकारी होते. रविवारी सकाळी ते घराच्या ओट्यावर शिक्का आणि शाईची गादी घेऊन बसत. दूरदूरच्या गावांहून आलेली मुले ओळीने उभी असत. ते नुसती सही करून कागद परत देत नसत. आधी गुणपत्रिका वाचत, मग मान वर करून म्हणत, "इतिहासात त्रेसष्ट आणि इंग्रजीत छत्तीस. सही करतो, पण इंग्रजीचं बघ." आता स्वतःची सहीच स्वतःच्या कागदाला पुरते, हे चांगलेच झाले. मात्र त्या ओट्यावर सहीबरोबर जे मिळत असे, ते कोणत्या संगणकावर मिळते हे आम्ही अजून शोधत आहोत.

जिल्ह्याच्या सेवायोजन कार्यालयात आम्ही नाव नोंदवले आणि कार्ड घेतले. देशातील या कार्यालयांची उभारणी १९४५ मध्ये सुरू झाली, ती मुख्यतः महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून, आणि त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. पुढे १९४८ मध्ये ही कार्यालये सर्वांसाठी खुली झाली. त्याआधी ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा निर्णय झाला, तोही बाबासाहेब मंडळात असतानाच. १९४६ मध्ये हे प्रमाण १२.५ टक्के झाले. १९४३ च्या त्या निर्णयात वयोमर्यादेत सवलत होती आणि परीक्षेचे शुल्क एक-चतुर्थांशावर आणण्याची तरतूद होती. आम्हांला ही तरतूद फार बोलकी वाटते. अर्ज भरायला लागणाऱ्या रुपया-दोन रुपयांसाठी आईला कोणाच्या दारी जावे लागते, हे माहीत असलेला माणूस तेव्हा दिल्लीत बसला होता.

१९९० च्या त्याच जूनमध्ये आणखी एक गोष्ट घडली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण धम्मदीक्षा घेतली. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील धर्माच्या अटीमुळे बौद्धांना केंद्राच्या सेवांत अनुसूचित जातीची सवलत मिळत नव्हती. महाराष्ट्राने १९६० पासून राज्यापुरत्या सवलती दिल्या. मात्र रेल्वे, टपाल, बँका आणि केंद्रीय कार्यालये यांच्या अर्जात धर्माचा रकाना आला की आपल्या आधीच्या पिढीतील उमेदवाराचे पेन थांबे. 'बौद्ध' लिहावे तर जागा जाते आणि न लिहावे तर दीक्षाभूमी डोळ्यांसमोर येते. काहींनी एक केले, काहींनी दुसरे. पोटासाठी ज्यांनी जुना धर्म लिहिला त्यांना आम्ही कधी दोष दिला नाही आणि ज्यांनी 'बौद्ध' लिहून नोकरी सोडली त्यांना विसरलो नाही. जून १९९० मध्ये संसदेने केलेल्या दुरुस्तीचा कायदा झाला आणि बौद्धांचा समावेश झाला. त्या रकान्यात निःशंकपणे खरे लिहू शकणारी आमची पहिलीच तुकडी होती.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पुढची नोंदही केली पाहिजे. जुलै १९९१ पासून नवे आर्थिक धोरण आले. सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातील भरती पुढे आटत गेली आणि नव्या नोकऱ्या ज्या खाजगी क्षेत्रात निघाल्या तिथे राखीव जागा नव्हत्या. आमच्यासाठी दार उघडले आणि पाठोपाठ घर लहान होऊ लागले. आजच्या मुलांना हे सांगणे आवश्यक आहे. आपल्याला नोकरी मिळत नाही याचा अर्थ आपल्यातच खोट आहे, असा निष्कर्ष ती फार लवकर काढतात.

त्याच वर्षी केंद्रीय कार्यालयातील लिपिकपदाच्या परीक्षेसाठी आम्हांला मुंबईचे केंद्र मिळाले. मुंबई आम्ही कधी पाहिलेली नव्हती. गुरुजींनी कपाटातून माजी विद्यार्थ्यांची जुनी वही काढली, त्यातला एक पत्ता उतरवून घेतला आणि दोन ओळींची चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी घेऊन आम्ही वरळीच्या बी.डी.डी. चाळीत पोहोचलो. आमच्याच शाळेत शिकलेले ते दादा टपाल खात्यात होते. एकशे साठ चौरस फुटांच्या त्या खोलीत त्यांच्या घरची सहा माणसे राहत होती आणि आमच्या आधी दोन उमेदवार येऊन थांबलेले होते. रात्री आम्ही तिघे बाहेरच्या सामाईक पडवीत झोपलो. पेपर देऊन परत आलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "कसा गेला ते मागून सांगा, आधी दोन घास खा." निघताना आम्ही खिशातल्या वीस रुपयांकडे हात नेला. दादांनी तो तिथेच अडवला. "मला काही देऊ नका. तुमची खोली होईल तेव्हा पुढच्याला जागा द्या," एवढेच म्हणाले.

त्या परीक्षेत आमची निवड झाली नाही. तरीही त्या तीन रात्रींनी आमचे काम केले. मुंबईला जाता येते, परीक्षा देता येते आणि परत येता येते, हे कळले. पुढच्या दोन वर्षांत आम्ही त्याच पडवीच्या आधाराने आणखी तीन परीक्षा दिल्या, त्याबरोबर एम.ए. केले आणि नंतर बी.एड. केले. शिक्षकाच्या जागेसाठी एका संस्थेत मुलाखतीला गेलो. तिथे इतिहासाचा एकही प्रश्न विचारला गेला नाही. "काय व्यवस्था करून आलात?" असे विचारले गेले. त्या भागात अशा वेळी लोक दोन एकर जमीन विकत. आमच्या वडिलांपाशी विकायला जमीन नव्हती आणि असती तरी आम्ही ती विकू दिली नसती. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये आम्ही या शाळेत रुजू झालो. सुरुवातीची काही वर्षे हाती येणारी रक्कम पगार म्हणण्यासारखी नव्हती. पण राहण्याची खोली होती, जेवण होते आणि शिकवण्याचे काम होते.

वरळीच्या त्या पडवीचा खरा अर्थ आम्हांला एम.ए.चा अभ्यास करताना, बाबासाहेबांचे बडोद्यातील दिवस वाचताना उमगला. सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला रुजू झाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेले ते गृहस्थ होते. शिष्यवृत्तीच्या करारानुसार त्यांना बडोदा संस्थानात सेवा करायची होती. त्यांना नोकरी शोधावी लागणार नव्हती. नोकरी होती, हुद्दा होता, महाराजांची कृपादृष्टी होती. नव्हती ती राहायला खोली. नाव बदलून ते पारशी धर्मशाळेत उतरले. काही दिवसांतच ओळख उघड झाली आणि काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून निघायला लावले. शहरातल्या दोन परिचितांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. एकाने नोकरांची अडचण सांगितली, दुसऱ्याने पत्नीची. मुंबईची गाडी रात्री होती. तोवर त्यांनी कामाठी बागेत बसून वेळ काढला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या लिखाणात त्यांनी स्वतःच हा प्रसंग सांगितला आहे.

आपण बहुतेक वेळा हा प्रसंग अपमानाचा प्रसंग म्हणून सांगतो आणि ते खरेच आहे. आम्ही वर्गात तो नोकरीचा प्रसंग म्हणूनही सांगतो. पदवी आणि नेमणूक हाती असताना एका खोलीवाचून नोकरी गेली. मुंबईत परतल्यावर बाबासाहेबांनी शिकवण्या केल्या. शेअरच्या व्यवहारांत सल्ला देणारी पेढी काढली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. मधल्या वर्षभरात मिळेल ते प्रामाणिक काम करण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. निकाल लागल्यावर वर्षभर घरी बसून राहणाऱ्या मुलाला आम्ही हे आवर्जून सांगतो.

या अनुभवातून आलेल्या माणसाने पुढे काय उभारले ते पाहावे. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ मध्ये सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. १९२८ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी आली, तिचेही मुख्य काम वसतिगृहांचे. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरत. १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढताना मुलांच्या राहण्याचा विचार त्याबरोबरच झाला. त्याही आधी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये वसतिगृहाला हात घातला आणि २६ जुलै १९०२ रोजी संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. शहरात टिकून राहण्याची सोय नसेल तर राखीव जागेपर्यंत उमेदवार पोहोचणारच नाही, हे या दोन्ही थोर पुरुषांनी ओळखले होते. आपली निवासी शाळा याच परंपरेतली आहे.

या परंपरेत एक जागा मात्र मोकळी राहिली आहे आणि या लेखाचे प्रयोजन तेच आहे. विद्यार्थ्यासाठी वसतिगृह असते. नोकरदाराला पगार असतो, तो भाड्याने घर घेऊ शकतो. या दोन्हींच्या मधल्या उमेदवारासाठी काहीही नसते. शासनाची स्वाधार योजना आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आपल्या मुलांना ती मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत साहाय्य देते. पण तेही शिक्षण चालू असेपर्यंत. पुण्यातील बार्टीसारख्या संस्था प्रशिक्षण देतात, तिथे मोजक्यांनाच प्रवेश मिळतो. पदवीचा निकाल लागला की खोली सुटते, साहाय्य थांबते आणि नेमकी त्याच वेळी शहरात राहण्याची गरज सर्वांत जास्त असते.

आजची साधने बदलली आहेत. जाहिरात मोबाइलवर येते, अर्ज मोबाइलवरूनच जातो आणि वेशीवरच्या दुकानात पत्र अडून राहत नाही. पण पुण्याच्या पेठांमध्ये 'कॉट बेसिस'वर जागा पाहायला गेलेला आमचा विद्यार्थी परत येऊन सांगतो की घरमालकाचा पहिला प्रश्न भाड्याचा नव्हता. "आडनाव काय?" हा होता. आडनावावरून उलगडा झाला नाही तर पुढचा प्रश्न येतो, "मांसाहार करता का?" त्यानंतर खोली कालच दिली गेल्याचे समजते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी गेलेली मुले पहाटे पाचला मैदानावर हजर राहता यावे म्हणून रात्र बसस्थानकावर किंवा उड्डाणपुलाखाली काढतात. न झोपलेला मुलगा सोळाशे मीटर धावतो आणि घरी जेवून, झोपून आलेल्या मुलाशी त्याची तुलना सेकंदांत होते. त्या सेकंदांना गुणवत्ता म्हणतात.

मुलींचे तर विचारूच नये. गेल्या दहा वर्षांत आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलींची बुद्धी मुलांपेक्षा तसूभरही कमी नाही. तरी स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्यांत त्या थोड्या दिसतात. आम्ही पालकांना विचारले तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "सर, तिला पाठवायला आमची ना नाही. पण पुण्यात ती राहील कुठं, हे तुम्ही सांगा." आमच्यापाशी त्या क्षणी सांगण्यासारखा पत्ता नव्हता. त्या मुलीचे त्याच वर्षी लग्न झाले. ती आता सुखात आहे असे ऐकतो. तरीही तिची निवड तिने केली की एका खोलीने, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. पहिली गोष्ट नोंदवहीची. गुरुजींच्या कपाटातली ती जुनी वही पुन्हा चालू व्हावी. आपण ज्या शहरात आहोत ते शहर, घरी किती उमेदवारांची सोय होईल, किती रात्रींची आणि मुलींना ठेवता येईल का, एवढेच तिच्यात लिहावे. परीक्षेला दोन-तीन रात्री पुरतात. आता आपल्यापैकी कित्येकांचे फ्लॅट झाले आहेत. एकशे साठ चौरस फुटांत नऊ माणसे मावली होती, हे आठवणीत असू द्यावे.

दुसरी गोष्ट वर्षभराच्या मुक्कामाची. पन्नास माजी विद्यार्थ्यांनी महिना तीनशे रुपये दिले तर पंधरा हजार रुपये होतात. तेवढ्या भाड्यात शहराच्या कडेला दोन-तीन खोल्यांची सोय होऊ शकते. ही जागा एका उमेदवाराला एकच वर्ष मिळावी, पहिला हक्क मुलींचा असावा आणि नोकरी लागलेल्याने पुढे महिन्याचे तीनशे रुपये स्वतः भरावेत. हे दान समजू नये. हे आपलेच देणे आहे आणि ते फिरते राहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट माहितीची. आपली मुले तलाठी, पोलीस आणि शिक्षक यांपलीकडच्या पदांची नावे ओळखत नाहीत, कारण घरात कोणी ती नावे उच्चारलेली नसतात. जो माजी विद्यार्थी विमा कंपनीत आहे, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे, कारखान्यात पर्यवेक्षक आहे किंवा स्वतःचे दुकान चालवतो, त्याने वर्षातून एक दिवस शाळेत येऊन आपले काम समजावून सांगावे. पगार किती, परीक्षा कोणती, पहिले वर्ष कसे गेले, हे सांगावे. भाषण नको. रविवारच्या ओट्यासारखे बसावे आणि गुणपत्रिका वाचावी.

पालकांना एक विनंती आहे. निकालानंतरच्या पहिल्या वर्षी "लागला का कुठं?" हा प्रश्न गाव विचारतेच, तो घरात पुन्हा विचारू नये. त्याऐवजी वर्षाच्या सुरुवातीलाच मुलाशी किंवा मुलीशी बसून ठरवावे की परीक्षेसाठी किती वर्षे द्यायची, तोवर कोणते काम करायचे आणि ते जमले नाही तर पुढची वाट कोणती. मर्यादा ठरलेली असली की उमेद टिकते. दहा-दहा वर्षे परीक्षा देऊन पस्तिशीत रिकाम्या हाताने परतलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांची हुशारी कमी नव्हती. कुठे थांबायचे हे त्यांच्याशी कोणी बोलले नव्हते.

आणि ज्यांनी नुकतीच पदवी घेतली आहे त्यांच्यासाठी. नोकरी नक्की मिळेल असे आश्वासन आम्ही देत नाही. जागा कमी आहेत, कंत्राटी कामे वाढली आहेत आणि भरतीच्या तारखा पुढे जातात. पण अर्जाच्या रकान्यात आपला धर्म लिहिताना तुमचे पेन थांबणार नाही, काम आवडले नाही तर तुम्ही ते सोडू शकता आणि परक्या शहरात उतरताना तुमच्या खिशात एखादा पत्ता असू शकतो. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी तुमच्या आधीच्यांनी मिळवून ठेवल्या आहेत. तिसरी आम्ही देणे लागतो.

नवी नोंदवही शाळेच्या कचेरीत टेबलावर ठेवली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी आमचे घर आहे आणि भरतीचे मैदान तिथून चालत वीस मिनिटांवर आहे. पहिल्या पानावर आम्ही लिहिले आहे, 'दोन उमेदवार, चार रात्री, मुलींचीही सोय आहे.' स्नेहसंमेलनाला याल तेव्हा पुढच्या ओळीत आपले नाव लिहावे.

जय भीम!